आईचा गंधार

पन्नाशी उलटल्यावर मी व्हायोलिन हातात धरलं. त्याला पेटीसारख्या पट्ट्या नसतात. बोट केसभर सरकलं की सूर गेलाच. म्हणून फोनमध्ये सूर मोजणारं अ‍ॅप घेतलं. काटा मधोमध आला की हिरवा दिवा लागायचा. रोज ऑफिसच्या आधी तासभर मी नुसता गंधार घासायचो आणि हिरवं दिसलं की स्वतःवरच खूश व्हायचो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा म्हणतात ना, तसा.

आई तेव्हा गव्हाणहून आमच्या पनवेलच्या फ्लॅटवर राहायला आली होती. गावात ती धवलारीण, म्हणजे आम्हा आगऱ्यांच्या लग्नात विधी चालू असताना धवले गाणारी. एका सकाळी कोलंबी सोलता सोलता ती माझा सा धरून गुणगुणू लागली. मी फोन तिच्यापुढे धरला. गंधारावर काटा हिरव्याच्या जरा अलीकडेच थांबला, आणि दर वेळी नेमका तिथेच.

"आई, उतरतेस गं. बघ, हिरवं होत नाही."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती हसली. "आता दात तरी कुठं ऱ्हायले रं," म्हणाली. त्यानंतर ती गुणगुणलीच नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दोन महिन्यांनी माझ्या मुलीचं लग्न होतं. हळदीला बायकांनी आईला पुढे बसवलं, तर तिने मान हलवली. "नको गो. माजा सूर गेलाय. पोरानं मशीनवर बगितला." सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. शेवटी कुणीतरी स्पीकरवर धवले लावले. मी पाहुण्यांना पाणी देण्याच्या निमित्ताने तिथून सटकलो.

लग्नानंतरच्या पहिल्याच क्लासला व्हायोलिनच्या मास्तरांनी मला थांबवलं. "गंधार चढतोय तुमचा."

मी ऐटीत हिरवा दिवा दाखवला.

"हा पेटीचा गंधार. तंबोऱ्यातून निघतो तो याहून थोडा खाली असतो. ऐका."

त्यांनी तंबोरा छेडला. मी ऐकलं, आणि लाजेने माझे कान तापले. आईच्या तोंडचा हाच सूर मी बंद केला होता.

घरी जाऊन तिच्यासमोर बसलो. तूच बरोबर होतीस, चूक माझी होती, आता गा, असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"बरा झाला," ती म्हणाली. "पन आता कोनासाठी गाऊ? नातीचा लगीन तं झाला."