येनाच्या खांबाची ग्रेड

आमच्या गोंदिया जिल्ह्यात सिव्हिल इंजिनिअर ज्ञान मिळवायला कार्यशाळेला जातो असं कोणी सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तो पिशवीसाठी जातो. सिमेंट कंपनीचं नाव छापलेली पिशवी, तिच्यात एक वही, पहिल्याच ओळीला मान टाकणारं पेन, आणि वरून जेवण. माझ्या घरी अशा पिशव्या इतक्या साठल्यात की गोंदियाचा अर्धा भाजीबाजार त्यांत मावेल. जेवणानंतर तर आमची मंडळी अशी झोपतात, की एकदा भूकंपरोधक बांधकामावर बोलणाऱ्या वक्त्याला घोरण्यानेच हॉल हलतोय असं वाटलं आणि त्याने टेबल घट्ट धरलं. मी डोळ्यांनी पाहिलंय. निदान टेबल धरलेलं तरी पाहिलंय.

ज्या कार्यशाळेची गोष्ट सांगतोय, तिच्यात मात्र मी जागा होतो. झोपलो असतो तर रक्त कमी आटलं असतं.

नवेगाव बांधकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका राईस मिलवाल्या शेठचा लग्नाचा हॉल आहे. तो मी बांधलाय. नकाशा माझा, डिझाइन माझं, भर उन्हात उभा राहून ओतून घेतलेलं काँक्रीट माझं. ते काँक्रीट असं, की इटियाडोहच्या धरणाने पाहिलं असतं तर लाजून थोडं पाणी सोडलं असतं. वरचा मजलाही मीच करायचा ठरलं होतं. त्यासाठी छतावर खांबांच्या सळ्या मोकळ्या सोडून ठेवल्या होत्या. येणारा-जाणारा त्या सळ्या बघायचा, बांधणारा कोण ते शेठला विचारायचा, आणि मग आपल्या घराचा कागद घेऊन माझ्याकडे यायचा. माझी सगळी पत त्या सळ्यांना टांगलेली होती म्हणा ना.

त्याच हॉलात आमच्या इंजिनिअर संघटनेने कार्यशाळा ठेवली. विषय, जुन्या इमारतींची तपासणी. वक्ते नागपूरचे एक मोठे साहेब. साहेब खांबाला खांब म्हणत नसत, ‘मेंबर’ म्हणत. त्यांच्यासोबत काळी पेटी होती, आणि पेटीत ती हातोडी. रिबाउंड हॅमर म्हणतात तिला. दिसायला जाडजूड पेन. खांबाला टेकवून दाबलं की आतली दांडी टक्‌ करून उसळते आणि काटा आकडा दाखवतो. उसळी जास्त, तर काँक्रीट कडक. पथ्य एकच: आधी गिलावा काढायचा, आतलं काँक्रीट दगडाने घासून साफ करायचं, आणि मग मारायची.

साहेबांनी पथ्य पाळलं नाही. स्टेजवरून उतरले, जवळचा खांब धरला आणि रंग-गिलाव्यावरच टक्‌ टक्‌ सुरू केलं. आता त्या खांबाला दर लग्नात मंडपवाला फुलांसाठी खिळे ठोकायचा. गिलावा पोकळ होऊन ढोलकीसारखा वाजत होता. काटा जागचा हलेना.

साहेब माईकवर म्हणाले, “बघा मंडळी. रेती जास्त, सिमेंट कमी. हा मेंबर आजारी आहे.”

मी हात वर केला. “साहेब, तो गिलावा...”

“प्रश्न शेवटी,” साहेब म्हणाले.

शेवटी जेवण झालं, शाल झाली, श्रीफळ झालं, साहेब गाडीत बसले आणि गाडी नागपूरकडे गेली. प्रश्न माझ्या हातातच राहिला, लग्नात उरलेल्या अक्षतांसारखा.

पहिल्या रांगेत शेठ बसले होते. ते उठले, खांबाला दुरूनच नमस्कार केल्यासारखे मागे सरले आणि मला म्हणाले, “इंजिनियर साहब, खंभा बीमार है तो ऊपर का माला कौन उठाएगा?”

मी गिलाव्याचं सांगितलं. शपथ घेतली. म्हणालो, खांबातून नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवू.

“शादी के सीजन में खंभे में छेद करोगे?” शेठ म्हणाले. “वो नागपुर से आया था। आप कहाँ से आए हो?”

“नवेगाव बांध.”

“बस.”

वरचा मजला थांबला. छतावरच्या सळ्या गंजू लागल्या आणि त्यांच्यासोबत मी. चहाच्या टपरीवर मला नवीन नाव पडलं. “काऊन जी रेतीवाले, आज कोठी जाऊन राहिले?” घराचे कागद घेऊन येणारे लोक दुसऱ्या गल्लीने जाऊ लागले. बायकोच्या चुलतबहिणीचं लग्न त्याच हॉलात निघालं, तर बायको साडीला पिन लावता लावता मला म्हणाली, “तुमी खांबाजवळ बसू नका जी. लोक जेवनावरून उठून जातेत.”

त्या दिवशी मी ठरवलं. साहेबांना त्याच हॉलात आणीन, तीच हातोडी त्यांच्या हातात देईन, आणि तोच माईक त्यांच्या तोंडासमोर धरीन. माणसं डूख धरतात म्हणतात. मी धरला नाही, मी त्याला दूधभात घालून पोसला. बोदलकशाच्या तलावातली मासोळीसुद्धा एवढी पोसली जात नसेल.

पहिलं काम, संघटनेचा सचिव होणं. हे अवघड नसतं. सचिवाला खुर्च्या मोजून घ्याव्या लागतात आणि वक्त्याच्या ड्रायव्हरला जेवू घालावं लागतं, म्हणून निवडणुकीच्या दिवशी सगळे बूट बांधायला खाली वाकतात. मी एकटा ताठ बसलो आणि बिनविरोध निवडून आलो.

दुसरं काम शेठनेच सोपं केलं. हॉलात स्टेजच्या एका बाजूला तो आजारी ठरलेला खांब होता, दुसऱ्या बाजूला खांबच नव्हता. फोटोत नवरीकडचा भाग भरलेला दिसे आणि नवऱ्याकडचा रिकामा, अशी शेठाणीची तक्रार होती. मी म्हणालो, शोभेचा खांब उभा करून देतो. वर काही भार नाही, काही नाही. फुकट.

“फुकट काहे को?” शेठने डोळे बारीक केले.

“तुमच्या हॉलाची बदनामी माझ्यामुळे झाली ना,” मी म्हणालो. इतका गरीब चेहरा मी आयुष्यात पुन्हा केलेला नाही.

शेठचं वडिलांच्या वेळचं धानाचं गोदाम नुकतंच पाडलं होतं. त्याचा येनाचा एक खांब मिलच्या मागे पडून होता. येन म्हणजे आमच्या जंगलातलं असं लाकूड, की कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडच माफी मागते. तो खांब मी गुपचूप हॉलात आणवला, उभा करवला, गिलावा धरून राहावा म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी गुंडाळली आणि मिस्त्रीला म्हणालो, भरपूर सिमेंटचा गिलावा मार, जाड मार, आणि काचेसारखा घोटून काढ.

मिस्त्री बघत राहिला. “काऊन जी, लाकडाले गिलावा कायले?”

“थंडी वाजून राहिली त्याले.”

“वैशाखात?”

“तू घोट.”

त्याने घोटला. ओली पोती गुंडाळून लहान लेकरासारखं त्याला न्हाऊ-माखू घातलं. मग बाकीच्या खांबांचाच रंग. दोन खांब आमनेसामने उभे राहिले: एक माझा खरा, अस्सल काँक्रीटचा, आजारी ठरलेला, दुसरा सोंगाड्या.

मग साहेबांना निमंत्रण गेलं. विषय तोच, हॉल तोच. साहेबांना हॉल आठवतही नव्हता. ज्याने चपराक मारली त्याच्या हाताला गाल कुठे आठवतो?

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण पुढे लोकांनी मला कपटी म्हटलं. मी साहेबांना सुटायची वाट ठेवली होती. त्यांच्या टेबलावर, हातोडीच्या पेटीला अगदी लागून, स्वच्छ नॅपकिनवर मी घासायचा दगड ठेवला. बाजूला छन्नी. पुढे मिस्त्री हात बांधून उभा. साहेबांनी नुसतं “गिलावा काढा” म्हटलं असतं, तर माझा सगळा डाव तिथेच मातीत गेला असता, आणि मी पुन्हा खुर्च्या मोजत बसलो असतो. साहेबांचा हात दगडाकडे गेला तेव्हा माझ्या छातीत राईस मिल सुरू झाली. साहेबांनी दगड उचलला, वजन बघितलं, आणि पंख्याने उडणाऱ्या आपल्या कागदांवर ठेवून दिला.

मी डोळे मिटून नवेगावच्या तळ्याला मनातल्या मनात हात जोडले.

साहेब आधी जुन्या खांबाकडे गेले. टक्‌. काटा तसाच. “कमजोर मेंबर,” ते म्हणाले. मग सोंगाड्याकडे. टक्‌. काटा असा उसळला की साहेबांनी चष्मा वर केला. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

“ग्रेड एम पंचवीसच्या वर,” साहेब माईकवर म्हणाले. “याला म्हणतात काँक्रीट. दोन खांबांतला फरक बघा, मंडळी. हा कोणी केला?”

“मीच, साहेब,” मी म्हणालो. “दोन्ही माझेच.”

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सुधारणा आहे. हाच प्रशिक्षणाचा फायदा. मागे कुठेतरी आम्ही बोललो असू, यांनी मनावर घेतलं.”

टाळ्या झाल्या. मीसुद्धा वाजवल्या. साहेब घड्याळ बघत कागद गोळा करू लागले, तेव्हा मी माईक हातात घेतला.

“साहेब, प्रश्न शेवटी म्हणाले होते तुम्ही. मागच्या वेळी शेवट आलाच नाही. आज आला.”

मिस्त्रीला खूण केली. त्याने सोंगाड्यावर छन्नी ठेवली आणि दणका दिला. एवढा मोठा पापुद्रा निघून फरशीवर पडला. आत जाळी, जाळीच्या आत काळंभोर लाकूड, आणि लाकडात रुतलेला एक जाडा लोखंडी हूक.

शेठ उठून जवळ आले, त्यांनी हुकावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, “अरे, ये तो बाबूजी के गोदाम का खंभा है। इसी पे धान तौलने का काँटा टँगता था।”

“साहेब,” मी विचारलं, “येनाची ग्रेड काय लिहू?”

साहेबांचा हात कागदांवरच्या दगडावर होता.

पण मी एवढ्यावर सोडणार नव्हतो. इतकी वर्षं रेतीवाले ऐकलं होतं. मिस्त्रीने माझ्या खऱ्या खांबाचा पोकळ गिलावा काढला, टेबलावरचा दगड साहेबांच्या हाताखालून घेतला आणि काँक्रीट चकचकीत घासलं. मी हातोडी साहेबांच्या हातात दिली.

“आता मारा.”

साहेबांनी मारली. पुन्हा मारली. आकडा पाहिला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, “ठीक आहे.”

“माईकवर, साहेब. मागच्या रांगेतले झोपलेत.”

“काँक्रीट उत्तम आहे,” साहेब माईकवर म्हणाले. तो आवाज हॉलातून निघून रस्ता ओलांडून धानाच्या बांध्यांपर्यंत गेला असेल. माझ्या कानात तर तो अजून आहे. उकाड्यात झोप लागली नाही की मी तो काढून ऐकतो.

शेठ हिशेबी माणूस. ते म्हणाले, माला बनेगा. पण आता त्यांचा माझ्यावर आणि साहेबांवर, दोघांवर सारखाच अविश्वास बसला होता. म्हणून अट घातली: हॉलाचा एकेक खांब गिलावा काढून तपासायचा, आणि तो याच साहेबांनी, स्वतःच्या हाताने. साहेब नाही म्हणू शकले असते, पण हॉलात सगळा जिल्हा बसला होता. लग्नाच्या तिथी सोडून तारीख मी दिली. आमच्याकडच्या मे महिन्यातली दिली, जेव्हा कावळासुद्धा सावली विकत घेतो. साहेब आले, टॉवेल डोक्याला बांधून एकेक खांब दगडाने घासू लागले. मी खुर्ची टाकून बसलो, ताक पीत. त्यांनाही विचारलं. ते नको म्हणाले. मग त्यांच्या वाटचंही मीच प्यालो.

आज तिथे वरचा मजला उभा आहे. येनाचा खांब शेठने पुन्हा झाकू दिला नाही. बापाच्या आठवणीला त्याला हार घालतात, आणि नवरा-नवरी त्याच्याजवळ फोटो काढतात.

एवढं सगळं मनासारखं झालं. फक्त त्या दिवशी गिलावा पडला तेव्हा कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला, आणि आमची मंडळी वरणभातावर तूप घेईपर्यंत तो तिरोड्यापासून अर्जुनीपर्यंत फिरला. फोटोत ना साहेब होते, ना हातोडी. नुसता फुटलेला खांब, आत लाकूड, बाजूला हसणारा मी. खाली लिहिलेलं: इंजिनिअरच्या खांबात लाकूड निघालं.

दुसऱ्या दिवशी टपरीवाला चहा पुढे करत म्हणाला, “घ्या जी लाकूडवाले.”

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “रेतीपेक्षा लाकूड बरं. महाग तरी रायते.”

फोटो कोणी टाकला ते मला कळलंय. तो आमच्या संघटनेतलाच आहे, यंदा अध्यक्ष झालाय, आणि मला काही पत्ता नाही अशा समजुतीने त्याने आपल्या नव्या घराची देखरेख माझ्यावरच सोपवली आहे. काम चोख चाललंय. खांब, बीम, स्लॅब, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. जिनाही पक्का आहे. फक्त त्याच्या झोपायच्या खोलीकडे जाणारी शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच झाली आहे. पडणार कोणी नाही. नुसती ठेच लागेल, रोज, आणि लागली की त्याला मी आठवेन.