रेडिओची मराठी आणि विहिरीवरची

लग्न होऊन मी मुकुटबनला आले तेव्हा मला मराठी जवळजवळ येतच नव्हती. माझं माहेर अदिलाबादकडचं, घरात तेलुगू. सासरची मंडळीही मूळची तिकडचीच, पण दोन पिढ्या इकडे राहून ती तेलुगू पार विसरून गेली होती. सासूबाईंनी मीठ मागितलं की मी हळद नेऊन द्यायची. त्या रागावत नसत, कपाळावर हात मारून हसत. मला ते हसणं रागावण्यापेक्षा जास्त लागायचं.

घरासमोरच ग्रामपंचायत होती. तिथे बॅटरीवरचा सरकारी रेडिओ आला आणि त्याचा भोंगा नेमका आमच्या ओसरीकडे तोंड करून बसवला. रोज संध्याकाळी बातम्या, बाजारभाव, शेतकऱ्यांचा कार्यक्रम. मी तांदूळ निवडता निवडता ऐकलेलं पुटपुटत बसायची. आधी वाक्याची चाल पाठ व्हायची, अर्थ मागाहून यायचा.

यजमानांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची. तिच्यातल्या मोठ्या मथळ्यांवर बोट ठेवून त्यांनी मला अक्षरं दाखवली. तेलुगू शाळेत मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे काना-वेलांटी लवकर ध्यानात आली. पुढे पुढे पुडीचा कागद वाचल्याशिवाय मी चुलीत टाकत नसे. बातमी नेहमी अर्धीच असायची. उरलेली अर्धी कोणाच्या तरी घरी गुळासोबत गेलेली. मग तिचा शेवट मीच मनात मराठीतून जुळवायची.

असं बरेच दिवस चाललं आणि एकदा मी तोंड उघडलं. विहिरीवरून आले आणि सासूबाईंना म्हणाले, "विहिरीतील पाण्याची पातळी बरीच खालावली आहे."

त्या बघतच राहिल्या. मग शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "आयकलं का वो? माही सून कलेक्टरावानी बोलून राह्यली!"

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर मी रेडिओबाई झाले. बायका मुद्दाम विचारायच्या, "काय वो रेडिओबाई, आज काय रांधलं?"

"आज वांग्याची भाजी करण्यात आली."

की हशा. पण हसता हसता त्याच मला सुधारायच्या. "करन्यात आली कायले म्हन्तं? केली म्हन. अन् मला नाही, मले." अशा दोन मराठी मी एकदमच शिकले.

एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावरची गोष्ट. कापूस वेचणीच्या दिवसांत रेडिओची माणसं गावात आली. वेचणाऱ्या बायकांचं बोलणं त्यांना यंत्रावर घ्यायचं होतं. आमचंही थोडं वावर होतं, वेचायला मीही जायची. साहेबांनी माइक पुढे केला की जी ती तोंडाला पदर लावून मागे सरायची. शेवटी शेजारणीनं मला पुढे ढकललं. "तू बोल वो. तुले येते सारं."

मी घसा साफ करून सुरू केलं, "कापसाची वेचणी सकाळच्या वेळी करण्यात यावी..."

साहेबांनी हात वर केला. "बाई, हे तर आम्हीच सांगतो. तुम्ही घरी बोलता तसं बोला."

मी माइक विसरले, बायकांकडे तोंड केलं आणि बोलत सुटले. "दव हाये तवाच वेचा लागते. ऊन चढलं का पाला कडक होते, मंग कापसात चुरा बसते. बोंडाचे काटे बोटाले लागते, अन् घरी येऊन भाकर थापाले बसलं का नुसती आग होते."

"व्हय वो माय!" म्हणत बाकीच्याही बोलायला लागल्या. साहेब खूश झाले. यंत्र बंद करताना त्यांनी विचारलं, "तुम्ही याच गावच्या ना?"

"नाही जी, मी तेलुगू," मी म्हणाले. त्यांना ते खरं वाटेना.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी पंचायतीपुढे गाव जमलं. भोंग्यातून माझा आवाज आला. उमरखेडकडून आलेला एक पाहुणा म्हणाला, "ही बाई इथलीच दिसते."

सासूबाई उभ्या राहिल्या. "माही सून हाये ते. तेलंगणातून आणली. मराठी तिची तिनंच शिकली, कोनी शिकवली नाही."

खरं तर अर्धं गाव माझा मास्तर होतं, आणि त्यातलं बरंचसं तिथेच बसलेलं होतं. कोणीही सासूबाईंना अडवलं नाही. मीही नाही. मान ताठ ठेवून मी ते ऐकत राहिले.