डावी बाजू

चष्मेवाल्याचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा झाला होता. गेम सुरू केला की नुसता घरघरायचा आणि ऐन लढाईत चित्र गोठायचं. ग्राफिक्स कार्ड बदलावं तर जुना पॉवर सप्लाय त्याला पुरत नव्हता, आणि तोही बदलायचा तर मग उरलं काय? बायको वैतागून म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! नवीनच घ्या ना एकदाचा." पण गडी ना हो म्हणे, ना नाही. कारण एक चांगला, जेमतेम वापरलेला कॉम्प्युटर त्याच्या थोरल्या भावाच्या घरी चादरीखाली पडून होता. दादाने तीनदा सांगितलं होतं, "घेऊन जा रे." आणि तो न्यायला याचं मन धजत नव्हतं.

दोघे भाऊ रविवारी दुपारी, आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून एकाच टोळीत खेळायचे. पन्नाशीची माणसं, पण ओरडणं शाळकरी पोरांचं. डावी बाजू दादाची. बारा वर्षं तिथून माशी शिरली नाही. मग पाच वर्षांपूर्वी शत्रू तिथूनच घुसायला लागले. दादा म्हणायचा, "अरे, दिसलाच नाही, एकदम अंगावरच आला!"

"तुझं मशीन भंगार झालंय," चष्मेवाला सगळ्या टोळीसमोर म्हणाला. "चित्र उशिरा येतं. बदल ते, कासवा!"

दादा बिचारा सरळ माणूस. त्याने दुकानातलं सगळ्यात भारी मशीन आणलं. तरी तेच. तेव्हा हा शहाणा म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले. दादाही हसला, आणि पुढच्या रविवारपासून खेळायला आला नाही. याने फोनसुद्धा केला नाही, रुसलाय म्हणून सोडून दिलं.

आठ महिन्यांनी दादाचा डावा खांदा तिसऱ्यांदा दाराच्या चौकटीवर आपटला, तेव्हा वहिनीने त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला होता, आणि उजव्यालाही डावीकडचं कमी दिसत होतं. वेळेवर कळलं असतं तर थेंबांवर सांभाळता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. आणि इकडे हा बाबा दिवसभर आपल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवून विचारतोय, "कुठल्या बाजूला कमी दिसतं, काका?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

शेवटी या रविवारी तो दादाकडे गेला. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "माझंही मशीन अडकतंय."

दादाने मान पूर्ण वळवून त्याच्याकडे पाहिलं. आता त्याला तसंच बघावं लागायचं. "कुठल्या बाजूला अडकतं?"

"म्हणजे?"

"डावीकडचं उशिरा दिसतं, की उजवीकडचं, की सगळंच?"

"सगळंच थांबतं."

"आणि डोळे तपासलेस? भावाभावांत असतं हे."

"तपासले. ठीक आहेत."

"सुटलो बाबा!" दादाने छातीवरून हात फिरवला. "मग मशीनच आहे. ने हे."

चष्मेवाल्याने मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "दादा, मी तेव्हा हेच विचारायला हवं होतं."

"हो," दादा म्हणाला. "हवं होतं." मग मशीनवरची चादर ओढत, "वायरी त्या पिशवीत आहेत. विसरू नकोस."

घरी येऊन त्याने ते जोडलं आणि टोळीत शिरला. डावी बाजू मागून घेतली. चित्र कुठेच अडकेना. थोड्या वेळाने डावीकडच्या भिंतीमागून शत्रू आला. एकदम अंगावर नाही, चांगला चालत, सावकाश, डोक्यापासून बुटांपर्यंत लख्ख. एवढा सगळा माणूस दादाला दिसत नव्हता! चष्मेवाला त्याच्याकडे बघत राहिला. माउसवरचं बोट काही हललं नाही, आणि गोळी लागली.

"काय हे!" हेडफोनमधून कोणीतरी ओरडलं. "ते भंगार मशीन बदल की आता!"

"मशीन चांगलं आहे," तो म्हणाला, आणि त्याने हेडफोन काढून ठेवला.