चाकूचा स्क्रू

मत्सर ही क्षुद्र भावना आहे आणि मी तिच्या पलीकडे गेलेलो आहे. एवढेच, की आमच्या साडूंचा घडीचा चाकू अंगठ्याच्या एका रेट्याने टक्कन उघडतो, आणि माझ्या चाकूला दोन्ही हात आणि एक नख लागते. आज ते जेवायला येणार, म्हणून सकाळपासून मी पात्याचा स्क्रू पिळत बसलो होतो. सैल केला की पाते लुळे पडे, आवळला की रुसून बसे. माणसांनाही असा स्क्रू हवा होता, असे वाटून गेले. साडूंचा मी कधीच पिळला असता.

साडू आले ते खिशाचे भोक दाखवतच. “साडूभाऊ, माझा चाकू आपोआप उघडतो हो. जरा आवळून द्या.”

मी आवळून दिला. लागत होता त्यापेक्षा अर्धा फेरा जास्त.