दामाजीकाकांचा खांदा

दामाजीकाका पाखरू चालीवरून ओळखायचे. चोच, रंग, पंख हे सगळं आम्हा पुस्तकवाल्यांचं. "चिखलात घाई करतंय ते येगळं, आन् थांबून थांबून चालतंय ते येगळं," एवढंच त्यांचं शास्त्र, आणि ते कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. साठीचे, काटकुळे, डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठी कोळीवाड्यात घर. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली उतरलेला. जाळं वाहून वाहून उतरला, असं सांगायचे. त्या खांद्याबद्दल लिहायचं आहे. फार आधी लिहायला हवं होतं.

त्र्याण्णव साली खाडीच्या वळणावरची पाणथळ जागा डेब्रिज टाकून बुजवायला सुरुवात झाली. पहिला डंपर मी अडवला. पुढ्यात आडवा झोपलेलो. तेव्हापासून गावात माझी कॉलर ताठ. नववी नापास, एमआयडीसीत फिटर, पण कायद्याची कलमं तोंडपाठ. कोणी मध्ये बोललं की माझं डोकं सटकायचं, आणि त्याला मी बाणेदारपणा म्हणायचो.

सुनावणीची तारीख पुढच्या फेब्रुवारीतली लागली. भरणीवाल्याचं म्हणणं असं, की इथे पक्षीबिक्षी येत नाहीत, नुसता चिखल आहे. सुनावणी घेणारे साहेब आम्हाला आधीच म्हणाले, येत असतील तर फोटो दाखवा. आमच्या कॅमेऱ्यात पाखरं तिळाएवढी दिसायची. मग ठरलं, एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण घ्यायची आणि तिच्या मागे कॅमेरा लावून फोटो काढायचे. जोडायला पीव्हीसी पाइपचा तुकडा मी कारखान्यात तासून आणला.

दुर्बीण घ्यायला फोर्टात गेलो. दामाजीकाकांना बरोबर नेलं, कारण होडी त्यांची. दुकानदाराने दोन काढून ठेवल्या. एक हातभर लांब, साठ पटीपर्यंत मोठं दाखवणारी, स्टँडसकट साडेचार किलो. दुसरी वीतभर, वीस पटीची, पाऊण किलोसुद्धा नाही.

काकांनी छोटी उचलली. डोळ्याला लावलीच नाही. खांद्यावरचा पंचा चौघडी करून उजव्या खांद्यावर ठेवला, त्यावर दुर्बीण टेकवली आणि मला म्हणाले, "तू मागनं बघ."

समोरच्या इमारतीच्या टाकीवर घार बसलेली. स्वच्छ दिसली. पण मला साठ पट दिसत होते.

"ही घे, सहदेव. मोठी होरीत नाचंल. स्टँड चिखलात जाईल."

"काका, मच्छी निवडायला नाही आलो आपण," मी म्हणालो. "यातलं मला कळतं."

दुकानदार हसला. काकाही हसले, पण पंचा झटकून परत खांद्यावर टाकताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मोठी घेतली. वर दुकानदाराकडून कातडी पिशवी फुकट काढली, आणि गाडीत डोंबिवलीपर्यंत चार लोकांना ती दाखवली.

पुढच्या रविवारी निघायचं मी ठरवलं. काका म्हणाले, "आयतवारी अष्टमी हाय. भांगाचं पानी, वर चढत नाय. पाखरं लांब चिखलातच बसतील. पुनवेला ये. उधान आलं की चिखल बुडतो, मंग ती बांधावर येतात, पार पायाशी."

"मला सुट्टी रविवारी असते, पुनव सोमवारी येते."

"पाखरांना सांगून बघ," आवडाबाई आतून म्हणाल्या. आवडाबाई त्यांची बायको. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी काकांना घेऊन गेलो. स्टँडचा एक पाय चिखलात गुडघाभर रुतला. होडीत ठेवली तर साठ पटीत खाडी अशी हलायची, की पाखरू काचेत यायच्या आधीच जायचं. लांबवर चिखलावर वाफ थरथरत होती. छत्तीस फोटोंचा रोल धुवून आणला. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत दुधात राख कालवल्यासारखं काहीतरी.

त्या संध्याकाळी गावदेवीच्या देवळासमोर सभा होती. अख्खा गाव बसलेला. कोणीतरी विचारलं, "सहदेवभाऊ, फोटो?" आणि माझी जीभ सुटली.

"होडी हलवली तर फोटो येतील कसे? आणि होडी का हलली ते दामाजीकाकांना विचारा! भरणीवाल्याचा माणूस परवा त्यांच्या ओट्यावर चहा पीत होता. मी या डोळ्यांनी बघितलंय!"

चहा मी बघितला होता, तेवढं खरं. बाकी सगळं मी त्याच क्षणी बनवलं.

काका उठले. "चाय पिला त्यो," एवढं म्हणाले आणि घरी गेले. ते जाताना त्यांना वाट द्यायला लोक सरकले, ते जरा जास्तच लांब सरकले.

चार दिवसांनी मी गुपचूप फोर्टात जाऊन दुर्बीण बदलून आणली. दुकानदार म्हणाला, "त्या काकांनी सांगितलेली ना?" मी पावती घेऊन खाली उतरलो.

पुनवेला त्यांच्या दारात गेलो. आवडाबाईंनी आत बोलावलं नाही.

"त्यो मानूस होरी मागाया आलेला. खाडी मोजाया. यांनी नाय म्हटलं. पन दारात आलेल्याला चायशिवाय कसा धाडायचा? तुला विचारता आलं नसतं का रं?"

मागून काका आले, हातात वल्हं. "चल. पानी चढतंय."

उधाण भरलं तसा चिखल बुडाला आणि पाखरं खरंच बांधावर आली. शंभर-दीडशे उचाटे, काळेपांढरे, चोच वर वळलेली. काकांनी होडी कांदळाच्या झुडपांत रेटून अडकवली, माझ्याकडे पाठ करून बसले, पंचा चौघडी करून खांद्यावर ठेवला. त्या उतरत्या खांद्यावर दुर्बीण अशी बसली, जणू तिच्यासाठीच तो घडला होता. मी बटण दाबायच्या आधी ते श्वास रोखून धरायचे. छत्तीस वेळा.

परतताना मी म्हणालो, "काका, माझं चुकलं."

"हितं कोन ऐकतंय? पाखरं?" ते म्हणाले. "देवळासमोर बोल्लास, तितंच सांग."

"सांगतो."

फेब्रुवारीत साहेबांनी फोटो पाहिले. भरणी थांबवायचा हुकूम निघाला. मी सांगितलं नाही. आधी सुनावणी होऊ दे म्हटलं, मग विजयसभा, मग शिमगा. खरं म्हणजे सांगितलं असतं तर डंपर अडवणारा सहदेव खोटारडा ठरला असता.

ऑगस्टात नारळी पौर्णिमा आली. खाडीत नारळ सोडायचा मान वीस वर्षं दामाजीकाकांचा. त्या वर्षी पंचांनी आपसात काही ठरवलं आणि नारळ माझ्या हातात दिला. सोनेरी कागद लावलेला. "यंदा मान सहदेवभाऊंचा!" का बदलला, ते कोणी बोललं नाही. मला विचारायची गरज नव्हती.

माइक दिला. समोर देऊळ, समोर अख्खा गाव. मी खाडीवर बोललो, कायद्यावर बोललो, एकजुटीवर बोललो. मग होडीत चढलो. उधाणाच्या लाटांनी होडी हिंदकळत होती. कोणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती दोन्ही हातांनी आणि खांद्याने दाबून धरली.

"उभा ऱ्हा नीट," दामाजीकाका खालून म्हणाले. "धरलेय मी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एकदा देवळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते वाट बघत होते. माइक अजून चालू होता.

मी नारळ सोडला. टाळ्या झाल्या.

पुढच्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेआधी काका गेले. छोटी दुर्बीण माझ्याकडे आहे, पंचा त्यांच्या घरी. दामाजीकाका विकले गेले नव्हते. मी खोटं बोललो. हे कागदावर लिहिणं सोपं आहे, देवळासमोर माझ्याच्याने झालं नाही.