कड्यावरची ताकवाली

लोणावळ्याला सुटीत मी रोज कड्यावर जाई. तिथे ताक विकणारी एक मावशी फिरायला आलेल्यांना बोटाने खालचं कोकण दाखवायची. शेवटी म्हणायची, “त्या टेकडीपल्याड माजी लेक दिलीया.” लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून ती तिकडे कधीच गेली नव्हती.

एका सकाळी तिने पदर खोचून मडकं माझ्यापुढे ठेवलं.

“नात झाली! सासरच्यांनी बाळंतपणाला धाडली न्हाई लेकीला. आता मीच घाट उतरते. तू बस हितं.”

“मावशी, मला लोकांशी बोलता येत नाही.”

“बोट तर हाय न्हवं?”

मागे न बघता ती उतरली.

सहलीची मोटार आली. मी बोट उचललं.

“ते कोकण. त्या टेकडीपलीकडे मावशींची नात आहे.”