भाऊजींच्या ताटातला घास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आईला तर नाहीच. माझ्यासारखा शाळेचा मास्तर खोटं बोलेल, असं दवनीवाड्यात कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

ताई भाऊजींकडे सहा वर्षं नांदली. भाजीत मीठ जास्त झालं की ते ताट भिरकावत आणि तिला उपाशी ठेवत. दिवस गेले होते तेव्हाही ठेवलं. बाळंतपणात ती गेली — अंगात बळ उरलंच कुठे होतं? वर्षाच्या आत त्यांनी यमुनेशी लग्न केलं. त्या पंगतीत मी जेवलो.

मग भाऊजींना हिवताप झाला. ताप उतरला, पण तोंड बिघडलं. भात कडू, दूध कडू, पाणीसुद्धा. मी त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बंगाली, माझ्याशी इंग्रजीत बोलले — अन्न ठीक आहे, तापाने जिभेची चव गेली आहे, काही महिन्यांत येईल, घरी सांगा.

"काय म्हणून राहिला डॉक्टर?" भाऊजींनी विचारलं.

"जिभेत दोष नाही म्हणतात."

एवढंच. एवढं पुरलं.

आठवड्यात त्यांनी चार माणसं ओट्यावर बसवली. बायको आपल्याच ताटात काहीतरी कालवते, असं त्यांना म्हणाले. यमुना रडली नाही. "कोणी त्याहीच्या ताटातला घास खाऊन पाहा न!" पण दुसऱ्याचं उष्टं कोण खाणार? सगळे माझ्याकडे वळले. "तू तं घरचाच हायेस, मास्तर. तू सांग."

मी खाल्लं. भात मऊ, डाळीत मीठ बेताचं.

"कडू आहे," मी म्हणालो.

त्याच दिवशी तिला माहेरी धाडलं. भाऊजी स्वतः रांधू लागले — तेही कडूच. एकदा घरी आले. "मास्तर, खरंच कडू होता का रे तो भात?" मी होय म्हणालो. मग करणी घरालाच लागली म्हणत त्यांनी खाणं सोडलं. हाडं दिसू लागली तेव्हा मी रोज भेटायला जाई — मुद्दाम, जेवणाच्या वेळी. एका वाक्याने ते जेवले असते. मी ते वाक्य त्यांच्या चितेपर्यंत जपलं.

त्यांचं मला आजही वाईट वाटत नाही.

यमुना सतरा वर्षांची होती. माहेरी तिची चूल वेगळी मांडली आहे. तिच्या हातचं कुणी खात नाही. कडू म्हणण्याआधी मी तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. मी खरं सांगेन, असं तिला वाटत होतं.